परतीचं तिकीट कुणाच्या खिशात

पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्या बाईसाठी मराठीत किती शब्द आहेत ते मोजून पाहा. काही पोथ्यांमधले, काही बाजारातले, आणि निम्म्याहून जास्त तर निव्वळ शिव्या. तेच काम करणाऱ्या पुरुषासाठी आपल्याकडे धड एक शब्द नाही. 'पुरुषवेश्या' म्हणायचं, म्हणजे बाईचाच शब्द उसना घेऊन त्याच्या पुढे 'पुरुष' लावायचं. पैसे मोजणाऱ्या पुरुषासाठी शब्द आहेत: रंगेल, शौकीन, बाहेरख्याली. त्यांत नापसंती असेलही, पण ती लाडक्या मुलाला रागवावं तशी. आणि पैसे मोजणाऱ्या बाईसाठी? तिच्यासाठी शब्दच नाही. अशी बाई असू शकते हे भाषेला कधी सुचलेलंच नाही.

अशी बाई आहे, आणि ती आजकालची नाही. जमैकातलं नेग्रिल, गाम्बियाचा किनारा, केनियातला मोम्बासा-मालिंदीचा पट्टा, बालीतलं कुटा, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं बोका चिका. युरोप-अमेरिकेतल्या बायका कित्येक दशकं या ठिकाणी सुट्टीला जातात. सगळ्या नव्हे, पण त्यातल्या काही जणी तिथल्या तरुण पुरुषांच्या सोबतीसाठी जातात आणि त्या सोबतीचा खर्च उचलतात. पुरुषांच्या अशा प्रवासाला जग 'सेक्स टुरिझम' म्हणतं. बायकांच्या प्रवासाला अभ्यासकांनीसुद्धा वेगळं, मऊ नाव दिलं: 'रोमान्स टुरिझम'. या दोन नावांमधलं अंतर मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात आहे.

निमित्त एका फोटोचं झालं. मित्रमैत्रिणींच्या गप्पांत एकाने मोबाइलवर तो फिरवला. समुद्रकिनारा, साठीच्या आसपासची एक गोरी बाई, अंगाने भरलेली, उन्हाने लालबुंद झालेली, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला पंचविशीतला एक काळा तरुण. सगळे हसले. तिच्या पोटावर बोलून झालं, वयावर बोलून झालं, कुणीतरी "आजी जोरात आहेत" म्हणालं. त्या तरुणाबद्दल एकच वाक्य आलं, "मजा आहे बुवा याची." मीही हसले होते. नंतर मात्र ते हसणं सलत राहिलं. त्या फोटोत साठीचा पुरुष आणि पंचविशीची थाई मुलगी असती तर काहींनी नाकं मुरडली असती, काहींनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले असते, आणि त्या मुलीबद्दल कुणी "मजा आहे बुवा हिची" म्हटलं असतं तर मी तिथेच भांडले असते. त्या तरुणाच्या पायांत पांढरेशुभ्र, नवेकोरे बूट होते. वाळूत उभं राहताना माणूस बूट काढतो. त्याने काढले नव्हते. ते बूट कुणी घेऊन दिले असतील हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

पुरुषांच्या बाजूचा इतिहास आधी सांगायला हवा, कारण तो जास्त मोठा आणि जास्त काळा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1967 साली, थायलंड आणि अमेरिका यांच्यात एक करार झाला. लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना विश्रांती आणि करमणुकीसाठी थायलंडमध्ये पाठवायचं असं ठरलं. पटाया हे तोवर कोळ्यांचं गाव होतं. सैनिक आले, बार उभे राहिले, आणि युद्ध संपल्यावर सैनिकांची जागा पर्यटकांनी घेतली. विशेष म्हणजे थायलंडमध्ये वेश्याव्यवसायाला बंदी घालणारा कायदा 1960 सालीच आला होता. सहा वर्षांनी 'करमणुकीच्या ठिकाणां'ना परवाने देणारा दुसरा कायदा आला आणि पहिला कागदावर राहिला. 1980 साली तिथल्या उपपंतप्रधानांनी प्रांतांच्या गव्हर्नरांना सांगितलं होतं की निसर्गसौंदर्याबरोबरच लैंगिक करमणुकीचाही पर्यटनासाठी विचार करा, तुमच्यापैकी काहींना ते लाजिरवाणं वाटलं तरी. परकीय चलनासाठी एक सरकार आपल्या देशातल्या मुलींकडे कसं पाहत होतं याचा याहून उघड पुरावा शोधायची गरज नाही. जानेवारी 1984 मध्ये फुकेतमधल्या एका कुंटणखान्याला आग लागली आणि आत कोंडून ठेवलेल्या पाच मुली जळून गेल्या. त्यांना बाहेर पडताच आलं नव्हतं.

याविरुद्ध पहिला आवाज बायकांनी उठवला. जपानी पुरुषांच्या टोळ्या विमानाने दक्षिण कोरियात जायच्या. 'किसेंग' हे तिथल्या दरबारी कलावंतिणींचं जुनं नाव वापरून त्या सहली विकल्या जायच्या. डिसेंबर 1973 मध्ये सोलच्या किंपो विमानतळावर इव्हा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी या पाहुण्यांसमोर निदर्शनं केली. त्याच महिन्यात तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपानी बायका आपल्याच देशातल्या पुरुषांविरुद्ध उभ्या राहिल्या. मात्सुइ यायोरी या जपानी पत्रकार बाईंनी पुढे आयुष्यभर हा विषय लावून धरला. 'सेक्स टुरिझम' या शब्दाला आज जो काळा डाग आहे तो या बायकांनी लावलेला आहे, आणि तो लागायलाच हवा होता. पर्यटक काय करतो हे विचारताना त्याच्या देशाकडे किती पैसा आहे, कुणाचं सैन्य कुठे होतं, कुणाच्या गावात पोट भरायला दुसरं काय आहे, हे सगळं एकत्र पाहायला त्यांनी शिकवलं. मी त्याच शिकवणीत वाढले. म्हणूनच नेग्रिलच्या किनाऱ्यावर आल्यावर ती शिकवण गुंडाळून ठेवायची हे मला पटत नाही.

तर नेग्रिलच्या किनाऱ्यावर येऊ. डेबोरा प्रुइट आणि सुझान लाफाँ या दोन संशोधक बायकांनी 1995 साली जमैकातल्या अशा संबंधांवर एक निबंध लिहिला. 'रोमान्स टुरिझम' ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. त्यांचं म्हणणं असं होतं की इथे दोघंही या नात्याकडे देवाणघेवाण म्हणून बघत नाहीत, प्रेमाची भाषा बोलतात, आणि बाईला तिच्या घरच्या चौकटीबाहेर वेगळं वागून पाहायची संधी मिळते. त्यांच्याच निरीक्षणातली एक गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते. किनाऱ्यावरचे तरुण केसांच्या जटा वाढवतात, कारण पर्यटक बायकांना तसे पुरुष आवडतात. रास्ताफारी हा 1930च्या दशकात जमैकातल्या गरीब काळ्या माणसांनी उभा केलेला पंथ. जटा ही त्यांची श्रद्धेची खूण, गोऱ्यांच्या सत्तेला दिलेला नकार. साठ वर्षांनी तीच जटा गोऱ्या गिऱ्हाइकाच्या पसंतीसाठी वाढवली जाऊ लागली. गावातली माणसं या तरुणांना 'रेंट-अ-ड्रेड' म्हणायची, म्हणजे भाड्याने मिळणारा जटाधारी. माणूस आपली श्रद्धा डोक्यावर वागवतो आणि ती दुसऱ्याच्या हौसेसाठी वाढवतो, याला मी केवळ रोमान्स म्हणायला तयार नाही.

मग 2001 साली जॅकलिन सांचेझ टेलर यांचा अभ्यास आला. जमैका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या 240 पर्यटक बायकांना त्यांनी प्रश्न विचारले. जवळजवळ एक तृतीयांश बायकांचे त्या सुट्टीत स्थानिक पुरुषाशी शरीरसंबंध आले होते. त्यातल्या साधारण 60 टक्के बायकांनी मान्य केलं की नात्यात आर्थिक बाजू होती: रोख पैसे, भेटवस्तू, जेवणखाण. पण त्यातल्या कुणालाही आपण गिऱ्हाईक आहोत असं वाटत नव्हतं. पुष्कळ जणी 'सुट्टीतलं प्रेम' म्हणत होत्या, काही जणी 'खरं प्रेम'. सांचेझ टेलर यांनी पुढचा सवाल सरळ विचारला. हेच उत्तर पुरुष पर्यटकाने दिलं असतं तर आपण ते जसंच्या तसं मान्य केलं असतं का? पुरुषाच्या बाबतीत आपण व्यवहार पाहतो, बाईच्या बाबतीत तिचं मन पाहतो. या मोजमापाच्या फरकालाच त्यांचा आक्षेप होता, आणि माझाही आहे.

कारण पुरुषसुद्धा हेच उत्तर देतो. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. पुरुष पर्यटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोटा फेकणारा, मुलीच्या कपड्यावर टाचलेला नंबराचा बिल्ला पाहून 'अमुक नंबर' मागणारा माणूस येतो. असे बार आहेत, बिल्लेही आहेत, मुलीला बाहेर न्यायचं तर मालकाला भरायचा 'बार फाइन'ही आहे. पण एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात बँकॉकच्या एका गल्लीतल्या बायका आणि त्यांचे परदेशी पुरुष यांच्यावर बारकाईने लिहिलं, त्यात दुसराच माणूस भेटतो. तो परत गेल्यावर प्रेमपत्रं लिहितो, दर महिन्याला पैसे पाठवतो, ती दुसऱ्या कुणाबरोबर असेल या विचाराने झुरतो. तो तिला वेश्या म्हणत नाही, मैत्रीण म्हणतो. डेनिस ब्रेनन यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सोसुआ गावात 1990च्या दशकात जे पाहिलं तेही असंच. तिथल्या बायका टेलिफोन केंद्रावर जाऊन युरोपातल्या पुरुषांना फॅक्स पाठवायच्या. तुझी आठवण येते, कधी येशील, आणि मुलाच्या औषधाला पैसे हवेत. मग उत्तराचा फॅक्स आला का, हे विचारायला रोज खेप. फॅक्स कसा लिहायचा, पैशाची गोष्ट कुठल्या ओळीत आणायची, हे त्या एकमेकींना विचारून शिकायच्या.

हा फॅक्सचा कागद माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यातलं प्रेम खोटं असं मी म्हणणार नाही. ते खोटं की खरं हे लिहिणारीलाही दर वेळी ठाऊक असेल असं नाही. पण पैसे मिळावेत म्हणून प्रेमाची भाषा बोलावी लागणं हेच तिचं काम होतं. किनाऱ्यावरच्या तरुणाचंही तेच काम आहे. तो दर ठरवत नाही, ठरवला तर सौदा उघडा पडेल आणि समोरची बाई उठून जाईल. तो आईच्या दवाखान्याचं सांगतो, भावाच्या फीचं सांगतो, मोटरसायकल असती तर टॅक्सीचा धंदा केला असता असं सांगतो. त्यातलं बरंचसं खरंच असतं. त्याला हक्काने पैसे मागता येत नाहीत, ते दुसऱ्याच्या मर्जीने मिळवावे लागतात. उघड दर सांगणाऱ्याकडे निदान एक आकडा असतो, ज्यावर भांडता येतं. इथे आकडा नाही, त्यामुळे भांडायची सोयही नाही. मर्जी गेली की बाई त्याला 'फसवा' ठरवून मोकळी होते, आणि तिच्या गोष्टीत तीच फसवली गेलेली असते.

भाषेकडे पुन्हा वळते. डॉमिनिकन किनाऱ्यावर या तरुणांना 'सँकी-पँकी' म्हणतात, गाम्बियात 'बम्स्टर', बालीत 'कुटा काउबॉय'. सगळी नावं खेळकर, थोडी टिंगलीची. ग्रीसमध्ये 1970-80च्या दशकात परदेशी पर्यटक बायकांच्या मागे लागणाऱ्या तरुणांना 'कामाकी' म्हणायचे. कामाकी म्हणजे मासा टिपायचा भाला. पुरुष शिकारी आणि बाई मासा, असं चित्र त्या एका शब्दात आहे. तिथले तरुण गरीब घरांतले होते, आणि श्रीमंत उत्तर युरोपातली बाई मिळवली म्हणजे त्या देशावर आपण सूड घेतला अशी बढाई ते मारत. ग्रीसमध्ये त्या काळी यात पैशापेक्षा फुशारकीच जास्त असेल, मान्य. पण तोच शिकाऱ्याचा शब्दसाठा आपण गाम्बियाच्या किनाऱ्यावर नेतो, तेव्हा ज्याच्या हातात भाला नाही त्याला शिकारी म्हणतो. पुरुष आहे म्हणजे त्याला हवंच असणार, तो मिळवतोच आहे, त्याचं काय नुकसान होणार, ही समजूत त्या तरुणाला नकाराचा अधिकारच ठेवत नाही. त्याला किळस येऊ शकते, तो घाबरू शकतो, त्याला त्या रात्री नको असू शकतं, हे कुणी धरूनच चालत नाही. आणि तो स्वतः ते बोलणार नाही, कारण बोलला तर त्याची मर्दानगी जाते.

आता जो आक्षेप येणार तो मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. पुरुष गिऱ्हाइकांची संख्या कितीतरी पटींनी जास्त आहे. किनाऱ्यावरच्या तरुणांना कुणी कुंटणखान्यात कोंडून ठेवत नाही, बापाने घेतलेलं कर्ज फेडेपर्यंत दलालाच्या ताब्यात ठेवत नाही, फुकेतसारखे ते जळून मरत नाहीत. खोलीचं दार लागल्यावर ताकद बहुतेक वेळा पुरुषाकडे असते, मग तो विकणारा असो की विकत घेणारा. पर्यटक बाईलाच मार बसण्याची, बळजबरी होण्याची भीती असते. गरोदर बाई राहते. आणि गावात परतल्यावर बाईला जे ऐकावं लागतं ते पुरुषाला ऐकावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. दोन्ही गोष्टी अगदी सारख्या आहेत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अशी घाऊक बरोबरी बहुतेक वेळा पुरुषांचा गुन्हा सौम्य करण्यासाठीच मांडली जाते.

पण इजा कमी झाली म्हणून व्यवहार बदलत नाही. शोषण मोजताना आपण फक्त मारहाण आणि कोंडवाडा मोजायचा ठरवला तर पटायातल्या निम्म्या बारवाल्यांनाही सोडून द्यावं लागेल. तिथल्याही पुष्कळ मुली कुलपात नसतात, स्वतःच्या पायांनी येतात, कारण त्यांच्या गावातल्या शेतीत वर्षभर राबून मिळणार नाही ते इथे काही महिन्यांत मिळतं. त्या मुलीबद्दल बोलताना आपण गरिबीला बळजबरी म्हणतो. त्या तरुणाबद्दल बोलताना तीच गरिबी आपल्याला दिसत नाही. गाम्बियात पर्यटनाची सुरुवात 1965 साली बर्टिल हार्डिंग या स्वीडिश माणसाने 300 पर्यटक आणून केली. त्या वर्षीच तो देश स्वतंत्र झाला होता. पुढे जे हॉटेलांचं जग किनाऱ्यावर उभं राहिलं त्यात स्थानिक तरुणाला आत शिरायला दोनच वाटा होत्या: नोकर म्हणून, किंवा कुणाच्या तरी हाताला धरून. व्हिसा तर तिसरीच गोष्ट. आपल्या देशातून बाहेर पडायचं कायदेशीर दार ज्याच्यासाठी बंद आहे, त्याच्यासमोर ते दार उघडू शकणारी व्यक्ती उभी असते. ती साठीची असो, सत्तरीची असो, त्याच्या मनात काय असेल याचा विचार आपण करत नाही. ती मात्र त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणते की याला मी वयापलीकडे दिसते.

वंशाचा मुद्दा तर दोन्हीकडे एकाच मुळाचा आहे. थाई मुलगी मऊ, आज्ञाधारक, पाश्चात्य बाईसारखी वाद न घालणारी, असं पुरुष पर्यटक सांगतो. काळा पुरुष निसर्गाजवळचा, तालावर जगणारा, बिछान्यात दमदार, असं बाई पर्यटक सांगते. ही दोन्ही चित्रं गोऱ्या साम्राज्यांच्या काळात रंगवली गेली, आणि काळ्या माणसाच्या देहाबद्दलची ही कथा वापरून इतिहासात त्याला फासावर लटकवलेलं आहे. ती कथा उलटी करून कौतुक म्हणून सांगितली, तरी समोरचा माणूस त्यात दिसत नाही, त्याचं कातडं दिसतं.

त्या बाईचीही एक बाजू आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई तिच्या देशात दिसेनाशी होते. लग्न मोडलेलं असतं किंवा नवरा गेलेला असतो, मुलं दूर गेलेली असतात. कार्यालयात, रस्त्यावर, दुकानात नजर तिच्यावरून पुढे सरकते. अशा वेळी कुणीतरी तिच्याकडे पाहतं, नाव विचारतं, हात धरतं. त्या हातासाठी ती हजारो मैलांवर जाते. तिच्या वयाची आणि देहाची जी टिंगल होते ती मला निर्दय वाटते. त्या फोटोवर आम्ही हसलो ते याच निर्दयपणाने. साठीच्या पुरुषाला इच्छा असणं स्वाभाविक आणि साठीच्या बाईला इच्छा असणं हास्यास्पद, हाही दुटप्पीपणाच, आणि तो आपल्या घराघरांत मुरलेला आहे.

मात्र पटायाला जाणारा पुरुषही हीच कहाणी सांगतो. घटस्फोट, एकटेपणा, म्हातारपणाची भीती, घरी कुणी विचारत नाही, इथे मला माणूस म्हणून वागवतात. ती कहाणीही बहुतेक खरीच असते. पुरुषाच्या तोंडून ऐकली की आपण म्हणतो, तुझं दुःख खरं असेल, पण त्याची भरपाई गरिबाच्या पोरीने का करायची? हा प्रश्न योग्य आहे. तो बाईला विचारायला आपण का कचरतो? बाई आयुष्यभर दबलेली आहे म्हणून? घरी ती दबलेली असेलही. पण विमानातून उतरल्यावर तिच्या पासपोर्टचं आणि क्रेडिट कार्डाचं वजन तिच्याबरोबर उतरतं. एका ठिकाणी दुबळी असलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणी बलवान असू शकते, हे मान्य करायला आपण तयार नाही, कारण 'बाई म्हणजे शोषित' हे समीकरण सोयीचं आहे. त्याने बाईचंही भलं होत नाही. ज्या व्यक्तीला आपण चुकीच्या वागण्याबद्दल जबाबदार धरत नाही, तिला आपण पूर्ण वाढ झालेलं माणूसही समजत नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी मला कोवळ्या मुलग्यांची वाटते. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणारी 'एकपाट' ही संघटना 1990 साली आशियातल्या पर्यटनस्थळांवरूनच सुरू झाली. 1996 साली स्टॉकहोममध्ये या विषयावर पहिली जागतिक परिषद भरली. ऑस्ट्रेलियाने 1994 साली आणि अमेरिकेने 2003 साली कायदे कडक केले. परदेशात जाऊन लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या नागरिकाला मायदेशी शिक्षा देता येते. अमेरिकी कायद्यात ती 30 वर्षांपर्यंत आहे. हे कायदे 'पुरुष' असा शब्द वापरून लिहिलेले नाहीत. तरीही सोळा वर्षांच्या मुलाला पन्नाशीची बाई घेऊन फिरताना पाहिली तर हॉटेलच्या दाराशी कोण अडवतं? सोळा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा पुरुष असेल तर आज निदान कुणाच्या तरी मनात शंका येते, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना तसं प्रशिक्षणही दिलेलं असतं. मुलाच्या बाबतीत शंकेऐवजी अभिनंदन येतं. लवकर 'मोठा झाला' म्हणतात. 2006 साली युनिसेफ आणि केनिया सरकार यांनी किनारपट्टीचा अभ्यास केला, त्यात पर्यटनाशी जोडलेल्या देहविक्रयात 10 ते 15 हजार मुली असल्याचा अंदाज पुढे आला. त्या आकड्याने जग हादरलं. किनाऱ्यावरच्या मुलग्यांचा आकडा कुणाच्या तोंडी नाही. बरेच मुलगे पुरुष पर्यटकांच्याही हाती लागतात, आणि ते तर कधीच बोललं जात नाही. मार्क पडिया यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अशा प्रौढ पुरुषांशी बोलून लिहिलं आहे की बायकोपासून, शेजाऱ्यांपासून हे लपवण्यातच त्यांचं आयुष्य जातं. लपवाछपवीत आजारही लपतो, आणि तो घरापर्यंत पोचतो.

आता पकडलं कोण जातं ते पाहा. थायलंडच्या 1996च्या कायद्यात उघड्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या व्यक्तीला 1000 बाथपर्यंत दंड आहे. विकणारी अठरा वर्षांवरची असेल तर गिऱ्हाइकाला शिक्षा नाही. 2010 साली बालीतल्या या तरुणांवर एक माहितीपट आला, गाजावाजा झाला, आणि पोलिसांनी कुटाच्या किनाऱ्यावरून 28 तरुणांना उचललं. देशाची बदनामी होते म्हणून. गाम्बियात तर किनाऱ्यावरून 'बम्स्टर' हटवण्याच्या मोहिमा वर्षानुवर्षं चालल्या. गिऱ्हाईक बाई असो की पुरुष, बेड्या विकणाऱ्याच्याच हातात पडतात. दुटप्पीपणावर इतकं बोलताना या एका बाबतीत मात्र समाज अगदी एकटप्पी आहे, आणि त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. नॉर्वेने 2009 साली उलटा विचार केला. शरीर विकत घेणं गुन्हा, विकणं नाही, आणि नॉर्वेच्या नागरिकाने ते परदेशात केलं तरी गुन्हाच, मग तो नागरिक पुरुष असो की बाई. त्या कायद्याने प्रश्न सुटेल का याबद्दल खुद्द देहविक्रय करणाऱ्यांच्या संघटनांमध्ये मतभेद आहेत. धंदा आणखी अंधारात ढकलला जातो हा त्यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण प्रश्न विकत घेणाऱ्याला विचारायचा, ही दिशा मला पटते.

म्हणून आता असा फोटो समोर आला की मी त्यातल्या जोडीचं लिंग बाजूला ठेवते आणि वेगळे प्रश्न विचारते. यातल्या कुणाला 'आज नको' म्हणता येईल, आणि म्हटल्यावर त्याचं काय होईल? कुणाचं वय किती? उद्या हे नातं तुटलं तर कुणाच्या घरची चूल विझेल आणि कुणाची फक्त सुट्टी खराब होईल? या दोघांपैकी परतीचं तिकीट कुणाच्या खिशात आहे? उत्तरं प्रत्येक वेळी एकच येतील असं नाही. काही जोडप्यांनी पुढे संसार केले आहेत, त्यांना कुणाच्या संशयाचं ओझं का द्यावं? पण प्रश्न दोन्ही फोटोंना तेच हवेत.

तो फोटो मी त्या मित्राकडून नंतर मागून घेतला. परवा आमच्याच मंडळींना पुन्हा दाखवला आणि बुटांकडे बोट केलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मैत्रीण म्हणाली, "याने हे अजून घातलेच आहेत, म्हणजे तिने आजच घेऊन दिलेत. आणि ती बघतेय ना, म्हणून काढत नाहीये." तिने फोटो मोठा करून त्याचा चेहरा पाहिला. तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता, बाईकडेही पाहत नव्हता. मागे कुठेतरी, चौकटीच्या बाहेर पाहत होता.